चौदा दारांची चढण

जनरल इझिदोर मोनरे हे माझे सख्खे काका. युद्धखात्याच्या दफ्तरात त्यांचं आयुष्य एका पानात मावतं. १८३५ साली साधा शिपाई, १८४३ला लेफ्टनंट, मग अल्जीरिया, क्रिमिया, इटली, १८६६ला जनरल, १८७०च्या लढाईत मेत्झची शरणागती, प्रशियात कैद, १८७६ला निवृत्ती. दोन जखमा, चार पदकं. पान नीटनेटकं आहे, अक्षरही सुरेख आहे. फक्त त्यात आमचं घर कुठंच नाही.

घर सापडलं ते फिलोमेनआत्याच्या कपाटात, चादरींच्या खाली. काकांची आलेली पत्रं आणि घरातून गेलेल्या पत्रांच्या नकला. आत्याचा टपालावर काडीचा विश्वास नव्हता, त्यामुळं पेटीत पडणाऱ्या प्रत्येक कागदाची ती आधी नक्कल करून ठेवायची. त्यांतली मोजकीच इथं देते आहे. बाकीच्यांत हवापाणी आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, उगाच कोडं नको. माझे बाबा, क्लोविस मोनरे, यांना उजव्या हाताची तर्जनी नव्हती. बंदुकीचा घोडा ओढायचं बोट. ते कुऱ्हाडीच्या अपघातात गेलं असं आमच्या घरातून सांगितलं जाई. ते त्यांनी स्वतः ओंडक्यावर ठेवून तोडलं, हे अख्ख्या व्हॉक्लेरला ठाऊक होतं. भरती चुकवायला असं करणाऱ्याला तुरुंग होता, म्हणून गाव गप्प राहिलं. घोडागाडीच्या थांब्यापासून आमच्या घरापर्यंतच्या चढणीवर चौदा दारं आहेत. इझिदोरकाका कधी त्या चौदा दारांवरून वर आले, तर कुणीतरी एकजण बोलून जाईल, ही आत्याची जन्मभराची धास्ती.

*

व्हॉक्लेर, २० जून १८४१

प्रिय इझिदोर,

तू सार्जंट-मेजर झालास हे मी चर्चच्या पायरीवर तीन बायकांना सांगितलं, म्हणजे गावभर झालं. आपल्या बाबांनी ऐकून नुसतं हूं केलं. पण लाकूड कातायच्या लेथशेजारी तुझी पटाशी अजून टांगलेली आहे आणि तिला ते कुणाला हात लावू देत नाहीत, यावरून काय ते समज.

आता कामाचं. डिसेंबरअखेर तुझी सात वर्षं भरतात. १८४३च्या फेब्रुवारीत क्लोविसची भरतीच्या सोडतीत नंबर काढायची पाळी येईल. मेयरसाहेबांनी मला कायदा वाचून दाखवला. एक भाऊ पलटणीत असेल तर दुसऱ्याला सूट. म्हणजे तू सुटलास की क्लोविस अडकला. तू आणखी दोन वर्षांची सही केलीस की तो सुटला. मी तुला सही कर म्हणत नाहीये. बाबांचे डोळे अधू झालेत आणि लेथ चालवणारा क्लोविस एकटाच उरलाय, एवढंच कानावर घालते.

तूही तुझा अकरा नंबर, पलटणीत नेणारा, काही हसत काढला नव्हतास. टोपीला रिबीन लावून सगळ्या पोरांबरोबर गात आलास आणि मग कोठीत जाऊन ओकलास. मी पाहिलं होतं. कुणाला सांगितलं नाही.

तुझी ताई,
फिलोमेन

*

मोस्तागानेम, अल्जीरिया, २ सप्टेंबर १८४१

प्रिय ताई,

तू सही कर म्हणत नाहीस, हे मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला 'सही कर' असंच ऐकू आलं. लहानपणी तू दुधाचं भांडं असंच घासायला लावायचीस.

करतो. १ डिसेंबरला कर्नलसमोर उभं राहायचं आहे. क्लोविससाठी करतोय हे त्याला सांग, म्हणजे तो लेथवर नीट बसेल.

गेला आठवडाभर आम्ही एका खोऱ्यात होतो. धान्याची पेवं फोडली, अंजिराची झाडं तोडली. हुकूम तसा होता. माणसं डोंगरात पळाली होती. एक म्हातारी तेवढी मागं राहिली होती. ती ओरडली नाही, रडली नाही, दगडावर बसून आमचं काम बघत राहिली. ओल्या लाकडाचा वास सुटला आणि मला आपली पडवी आठवली.

मला घरी यायचं होतं, खोटं कशाला बोलू. असो. दोनच वर्षं आहेत.

तुझा,
इझिदोर

*

हे पत्र ९ ऑक्टोबरला आलं. आत्यानं ते जेवताना सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. क्लोविस, म्हणजे माझे बाबा, सूप अर्धं टाकून उठले आणि लाकडं फोडायला मागं गेले.

*

व्हॉक्लेर, २९ ऑक्टोबर १८४१

प्रिय इझिदोर,

सही करू नकोस. क्लोविसला लाकडं फोडताना अपघात झाला. उजवी तर्जनी गेली. ताप उतरला आहे, जेवतो आहे. डॉक्टर म्हणतात, असा हात पलटण घेत नाही, म्हणजे त्याची काळजी मिटली. आता तुला तिकडं राहायचं काही कारण नाही. डिसेंबरात सुट आणि सरळ घरी ये.

लिहायला वीस दिवस उशीर झाला. घरात माणसांची ये-जा फार होती.

घाईत,
फिलोमेन

*

ये-जा पोलिसांची होती. दोनदा आले, ओंडका बघितला, कुऱ्हाड बघितली, शेजाऱ्यांना विचारलं. त्या दिवसांत घरातून पत्र गेलं तर ते फोडून वाचतील असं आत्याला वाटलं, म्हणून ती थांबली.

*

मोस्तागानेम, १४ डिसेंबर १८४१

प्रिय ताई,

तुझं पत्र ११ तारखेला मिळालं. सही १ला झाली. दहा दिवसांची चुकामूक. आता कागद माघारी फिरत नाही.

वाईट वाटून घेऊ नकोस. अपघात व्हायचेच. कर्नल म्हणतात, राहिलाच आहेस तर तुला अधिकारी करू. बाबांना नमस्कार.

इझिदोर

*

या दहा दिवसांवर आत्या पस्तीस वर्षं जगली. वीसऐवजी दहाच दिवस थांबले असते तर भाऊ घरी आला असता, हे ती भांडी घासताना, जपमाळेचे मणी ओवताना, कधीही, कुणाचा विषय नसताना बोलायची.

दोन वर्षांची सही संपायच्या आत काका लेफ्टनंट झाले आणि मग परत यायचा प्रश्नच मिटला. बाबांना चार बोटांनी लेथवर बारीक काम जमेना. ते गावच्या चीजघरात लागले. तिथं कढई ढवळायला तर्जनी लागत नाही. गावातून चालताना उजवा हात ते खिशात ठेवायचे, उन्हाळ्यातसुद्धा.

*

ब्लिदा, ३ मे १८४९

प्रिय ताई,

कॅप्टन झालो. सहा महिन्यांची रजा मिळते आहे. आपले बाबा गेले तेव्हा येता आलं नाही. जुलैत येऊ का? तुमची सोय असेल तरच.

इझिदोर

*

व्हॉक्लेर, २८ मे १८४९

प्रिय इझिदोर,

कॅप्टन म्हणजे आता मी तुला अरेतुरे करायचं की नाही, ते एकदा कळव. मी करणारच आहे.

यायचं म्हणतोस, पण यंदा नको रे. खालच्या आळीत तापाची साथ आहे, तिघं गेले. तुला काही झालं तर सरकार मला धरेल. शिवाय क्लोविसचं लग्न ठरतंय, मुलीकडची माणसं घरात असतील, तुला निजायला जागा कुठं देऊ? पुढच्या वर्षी बघू. क्लोविसचा नमस्कार.

तुझी,
फिलोमेन

*

साथ होती, पण ती मार्चमध्येच संपली होती. आणि बाबांचं लग्न ठरलं त्यानंतर चार वर्षांनी.

अशी टाळाटाळ आत्यानं सात वेळा केली. कधी छपराचं काम, कधी बर्फानं बंद झालेली वाट, कधी तिची कंबर. दर वेळी काकांचं उत्तर उलट टपाली यायचं: बरं, पुढं बघू. ज्याला घरी यायचंय तो माणूस इतक्या पटकन ऐकतो कसा, हे आत्याच्या डोक्यात आलं नाही. तिला सुटल्यासारखं व्हायचं.

दुसरी गोष्ट मला हल्ली दिसली. पस्तीस वर्षांत काकांनी बाबांच्या बोटाबद्दल एकदाही विचारलं नाही. नमस्कार लिहीत, बोट नाही.

*

सेवास्तोपोलसमोर, क्रिमिया, १९ फेब्रुवारी १८५५

प्रिय ताई,

मेजर झालो. इथं माणसं गोळ्यांनी कमी आणि थंडीनं जास्त मरतात. माझे पाय शाबूत आहेत. लोकरीचे मोजे पाठवलेस तर बरं, पण पिवळे नको, मागच्या खेपेला सगळी बटालियन हसली.

या आठवड्यात कोर्टमार्शलवर बसावं लागलं. एकच खटला होता, संपला.

क्लोविसला मुलगी झाली असं लिहिलंस. एर्नेस्तिन हे नाव चांगलं आहे.

इझिदोर

*

त्या मुलीनं, म्हणजे मी, काकांना पाहिलं नव्हतं. चुलीवरच्या फळीवर त्यांचं एक चित्र होतं, मिशा आणि पदकं. मी खोड्या केल्या की आत्या त्याच्याकडे बोट दाखवायची.

*

प्रशिया, कैदेतून, ८ जानेवारी १८७१

प्रिय ताई,

जिवंत आहे. सत्तर दिवस मेत्झमध्ये घोडे खाल्ले आणि मग सगळे मिळून शरण गेलो. माझी तलवार मी एका लेफ्टनंटच्या टेबलावर ठेवली. पोरगा सभ्य होता. त्यानं पावती दिली. ती जपून ठेवली आहे, का ते माहीत नाही.

इथं दुसरा उद्योग नाही म्हणून सुरीनं लाकूड तासतो. एक भोवरा केला. फिरत नाही.

इझिदोर

*

पॅरिस, ११ एप्रिल १८७६

प्रिय ताई,

मला बासष्ट पुरी झाली. ब्रिगेडच्या जनरलला या वयात घरी पाठवतात. समारंभ झाला, भाषणं झाली. एकानं माझ्या सगळ्या लढायांची नावं घेतली, त्यांत दोन मी लढलोच नव्हतो. मी दुरुस्त केलं नाही.

आता माझ्याकडे रजेचा कागद नाही, पलटण नाही, सबब नाही. खोली भाड्याची आहे. ऑक्टोबरात व्हॉक्लेरला येऊन राहू म्हणतो, कायमचा. साफ सांग. या वेळी छप्पर नको आणि कंबर नको.

इझिदोर

*

व्हॉक्लेर, २ मे १८७६

प्रिय इझिदोर,

मी सहासष्ट वर्षांची आहे. खोटं बोलायला लागणारी ताकद आता माझ्यात नाही.

क्लोविसचा अपघात झाला नव्हता. त्यानं ते बोट स्वतः तोडलं. मी तुला येऊ दिलं नाही ते एवढ्यासाठी. थांब्यापासून वर येईपर्यंत चौदा दारं आहेत, कुणीतरी सांगितलंच असतं. तू पलटणीतला अधिकारी. असल्या माणसाला तुमच्यात काय म्हणतात ते मला माहीत आहे. तू त्याच्याकडे तसं बघितलं असतंस तर मला सोसलं नसतं.

आणि दुसरं. ते पत्र मी वीस दिवस दाबून ठेवलं, पोलिसांना घाबरून. दहाच दिवस आधी टाकलं असतं तर तू सही केली नसतीस. क्लोविसचं बोटही फुकट गेलं आणि तुझा जन्मही, आणि दोन्हीला मीच कारण. तू जनरल झालास म्हणून गाव माझं अभिनंदन करतं तेव्हा मला तोंड लपवावंसं वाटतं.

आता यायचं की नाही ते तू ठरव.

फिलोमेन

*

पॅरिस, २१ मे १८७६

प्रिय ताई,

तुझं पत्र मी उभ्यानं वाचलं. तू एवढं ओझं वाहिलंस, आणि ते तुझं नव्हतंच.

तुझं ऑक्टोबरचं पत्र मला ११ डिसेंबरला मिळालं नाही. ते २२ नोव्हेंबरला मिळालं. सही करायला नऊ दिवस बाकी होते.

त्याच आठवड्यात गिरणीवाल्या बुर्देचा ज्यूल आजारपणाची रजा संपवून पलटणीत परत आला. तो म्हणाला, "अपघात कसला, सार्जंट! तुझ्या भावानं बोट ओंडक्यावर ठेवलं आणि एका घावात उडवलं. पोलीस सोडून सगळ्या गावाला माहीत आहे." आजूबाजूला चार जण होते. ते हसले. मीही हसलो.

मला लाज वाटली, ताई. मी त्याच्यासाठी सही करणार आणि हा तिकडं भिऊन बोट तोडून बसला, असं मनात आलं. असल्या घरी कशाला जायचं, असंही आलं. पण खरं सांगायचं तर त्याआधीच कर्नलनं अधिकारी करायचं बोलून ठेवलं होतं आणि मला ते हवं होतं. क्लोविसचा राग हाताशी आला, तो मी वापरला. १ तारखेला शांत मनानं सही केली आणि तुला खोटी तारीख कळवली.

तरी हे मी केव्हाच येऊन सांगितलं असतं. जे सांगता आलं नाही ते क्रिमियातलं आहे. मी ज्या खटल्यावर बसलो तो मार्सियाल देलबो नावाच्या शिपायाचा होता, लिमूझँचा शेतकरी, वय वीस. खंदकात त्यानं स्वतःच्या बोटावर गोळी झाडली होती. उजवी तर्जनी. कोर्टात आम्ही सात जण. शिक्षा द्यायला पाच मतं लागतात आणि मत धाकट्या हुद्द्यापासून वर येत जातं. माझ्यापर्यंत आलं तेव्हा तीन 'दोषी' होती, दोन 'नाही'. माझ्यानंतर कर्नल, त्यांचं काय पडणार ते सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे पोराचा जीव माझ्या मतावर होता. मी त्याच्या हाताच्या पट्टीकडे बघितलं आणि मला क्लोविस दिसला. मी 'दोषी' म्हणालो. सकाळी त्याला गोळ्या घातल्या.

तू मला दर वेळी येऊ नको म्हणायचीस आणि मला सुटल्यासारखं व्हायचं. क्लोविसच्या हातासमोर बसून मला घास गिळता आला नसता.

हे त्याला वाचून दाखव. मग तुम्ही ठरवा.

इझिदोर

*

व्हॉक्लेर, ४ जून १८७६

दादा,

हे डाव्या हातानं लिहितोय, अक्षर वाकडं आहे. ताईनं तुझं पत्र वाचून दाखवलं. मी चीजघरात जाऊन कढई ढवळून आलो, मग लिहायला बसलो.

मी भ्यालो नव्हतो. भ्यायला अजून दीड वर्ष होतं. तुझं पत्र ताईनं जेवताना वाचलं. 'मला घरी यायचं होतं, खोटं कशाला बोलू.' हे वाक्य मला अजून पाठ आहे. मला वाटलं, माझं बोट गेलं की मला कुणी नेणार नाही आणि तुला तिकडं राहायला कारण उरणार नाही. एकोणीस वर्षांचा होतो, तेवढंच डोकं चाललं. ताईला माहीत होतं. मीच तिला शपथ घातली होती, की तुला कधी सांगायचं नाही.

पस्तीस वर्षं मी समजत होतो की बोट दहा दिवस उशिरा तोडलं. आता कळलं की ते वेळेवर तुटलं होतं. राग आला. कढई ढवळताना खूप आला. एका ओळीचं पत्र टाकून विचारायचंस, क्लोविस, का केलंस? मी सांगितलं असतं.

माझ्या बोटाचं मी बघून घेईन. त्या पोराचं मला लिहून उपयोग नाही. त्याला घर असेल, आईबाप असतील. आधी तिकडं जाऊन ये. मग इकडचं बघू.

क्लोविस

*

यानंतर अडीच महिने काहीच नाही. आत्या रोज टपालवाल्याला वाटेत गाठायची. बाबा विचारायचे नाहीत, पण टपालाच्या वेळेला ते चीजघरातून घरी काहीतरी विसरलेलं न्यायला यायचे.

*

ला रोश-ग्रिझ, लिमूझँ, २३ ऑगस्ट १८७६

क्लोविस,

गेलो होतो. गाव शोधायला वेळ लागला. बाप मागेच गेला. आई आहे, ऐंशीच्या पुढची, एकटी. नाव सांगितलं नाही, क्रिमियात होतो म्हणालो. तिनं मला चुलीजवळ बसवलं, वाळवलेले चेस्टनट उकडून दिले, आणि भिंतीवरची एक चौकट काढून माझ्या हातात दिली.

"साहेब, तुम्ही तिथं होतात ना? मग हे मला वाचून दाखवा. मेयर दर वेळी घाईत वाचतो."

कागद पलटणीचा होता. शिपाई मार्सियाल देलबो, पटकीच्या आजारानं इस्पितळात मरण, वर्तणूक उत्तम. त्याच्या बटालियनचा मेजर तेव्हा आजारी होता, म्हणून खाली सही माझी होती. गावात आईबापाची छी-थू नको म्हणून मीच तसं लिहायला लावलं होतं. तेव्हा मला ते फार चांगुलपणाचं वाटलं होतं. मी विसरूनही गेलो होतो.

मी सांगायलाच गेलो होतो, क्लोविस. पाठ करून गेलो होतो. मी कागद वाचला. जे लिहिलं होतं तेच वाचलं, सावकाश, शेवटपर्यंत. ती म्हणाली, "उत्तम म्हटलंय ना?" मी म्हणालो, "हो, उत्तम." तिनं विचारलं, "आणि सही कुणाची आहे?" मी म्हणालो, "नीट लागत नाही."

तिनं चौकट पुसून परत भिंतीला लावली.

म्हणजे तू सांगितलेलं मी केलं नाही. ते भित्रेपणानं की तिच्यासाठी, हे मला ठरवता येत नाही. सराईच्या खोलीत बसून हे लिहितोय, तुझं उत्तर येईपर्यंत इथंच आहे. इथून पॅरिसची गाडी सकाळी आहे आणि तुमच्या बाजूची दुपारी.

इझिदोर

*

व्हॉक्लेर, २९ ऑगस्ट १८७६

दादा,

तुझं पत्र मी स्वतः वाचलं, ताईला नंतर दिलं.

मीही सांगितलं नसतं. पण सहीचं तू कबूल करायला हवं होतंस. ते तू केलं नाहीस आणि ते आता तुझ्याजवळच राहणार. माफी मागू नकोस, माझ्याकडे ती द्यायला नाही. ज्याच्याकडे होती त्याला तुम्ही सात जणांनी संपवला.

मंगळवारच्या गाडीनं ये. मी थांब्यावर असतो. पदकं पेटीत ठेव. चढण दोघं मिळून चढू. लोक दारात येतील. येऊ देत.

क्लोविस

*

त्या मंगळवारी मी वरच्या खिडकीत होते. गाडीतून एक बारीक म्हातारा उतरला, तपकिरी कोटातला. चित्रातल्या मिशा पांढऱ्या होऊन खाली आल्या होत्या. दोघांनी एकमेकांना मिठी वगैरे मारली नाही. बाबांनी त्यांची पेटी डाव्या हातात घेतली. उजवा हात त्यांनी खिशातून बाहेर काढला आणि काकांच्या दंडाखाली घातला. बाबांचा तो हात रस्त्यावर उघडा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

चौदाही दारं उघडी होती. थकलेला ज्यूल बुर्दे सहाव्या दारात खुर्ची टाकून बसला होता. काका त्याच्यासमोर थांबले. "ज्यूल, माझा भाऊ," ते म्हणाले, जणू त्यानं बाबांना कधी पाहिलंच नव्हतं. ज्यूलनं टोपी काढली. बाकीच्या दारांतून कुणी काही बोललं नाही.

टेबलावर आत्यानं सूप वाढलं. आमच्याकडे भाकरी, म्हणजे भोपळ्याएवढा गोल पाव, घरातला थोरला कापतो, आणि गेली एकोणतीस वर्षं ती बाबा कापत होते. बाबांनी भाकरी आणि सुरी काकांपुढं सरकवली. काकांनी सुरीच्या टोकानं भाकरीच्या पाठीवर क्रूस काढला आणि तिथंच थांबले. एक्केचाळीस वर्षं त्यांची भाकरी कुणी ना कुणी कापून ठेवत आलं होतं.

"मला येत नाही," ते म्हणाले.

"छातीशी धर. अशी," बाबा म्हणाले आणि चार बोटांचा हात त्यांच्या हातावर ठेवून त्यांनी पहिला काप काढून दिला. काका त्या हाताकडे बघत राहिले आणि मग रडायला लागले, मोठ्यानं, लहान मुलासारखे. बाबांनी हात काढला नाही. काप फार जाड पडले. एवढे जाड काप फक्त जनरललाच खपतील असं आत्या म्हणाली आणि कोठीत निघून गेली. बऱ्याच वेळानं आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि सूप गार झालंय, कुणीच कसं जेवत नाही म्हणून ती आमच्यावरच ओरडली.